क्लच वायरचे फास, नग चार

दुपारी तीनला मी ठकू झोरेला पकडलं.
म्हणजे मला बघून तोच थांबला.
त्याचं पळायचं वय नव्हतं, आणि मी
सकाळपासून अकरा किलोमीटर चाललेली.
कारवीत फास, मोटारसायकलच्या क्लच वायरचे.
चार मोजले. एकात भेकराचे केस होते,
भेकर नव्हतं.
"म्याडम, पोट हाय," तो म्हणाला.
"कायदा आहे," मी म्हणाले.
दोघांचंही खरं होतं,
पण पंचनाम्याचे कागद माझ्याकडे होते.

साडेसातला मणदूरच्या नाक्यावर फोन आला.
विट्याची तीन पोरं, सड्यावर रील काढायला चढलेली.
एकाचा घोटा मोडलाय, बॅटरी चार टक्के,
मागं दरी आहे, पुढं काय आहे ते दिसत नाही.
एवढं बोलून फोन मेला.
साहेब मीटिंगला कोल्हापुरात.
गाडीत डिझेल होतं, ड्रायव्हर नव्हता.
मी, वनमजूर लव्हाजी, दोन टॉर्च, एक दोर,
आणि एक स्ट्रेचर, ज्याचा दांडा
दरवेळी सुतळीनं बांधावा लागतो.
बाकावर जबाबाची वाट बघत बसलेला ठकू.

"कुठनं चढली?"
"पाणवठ्याच्या अंगानं."
"मग आंबेखोलात असतील.
ह्या रानात चुकलेलं माणूस आमच्याच गावात येतंय.
उतारच तसा हाय."
नकाशात आंबेखोल नाही.
कंपार्टमेंट नंबर आहे.

आरोपी पुढं, फिर्यादी मागं.
टॉर्च नको म्हणाला, डोळं आंधळं हुत्यात.
वाटेत गवा उभा, भिंतीएवढा.
लव्हाजीनं माझी बाही धरली.
ठकू खोकला,
शेजाऱ्याच्या दारात शिरताना खोकतात तसा.
गवा बाजूला झाला.

"हितं चावडी.
हितं बिरोबा. द्येव न्हेला, पायरी ऱ्हायली."
मला फक्त रामेट्याची झुडपं दिसत होती.
मग उजेड दिसला, आणि पोटात गोळा आला:
डिसेंबरचं वाळलं गवत, वणवा लागला तर
ह्या अंगाची दरी त्या अंगाला जाईल.

एका जोत्यावर तीन पोरं, जाळाभोवती.
जाळात एकच लांब लाकूड,
दोन्ही टोकांना भोकं,
मधोमध झिजलेलं,
पायांनी झिजतं तसं.
"सॉरी काका, सापडलं ते पेटवलं.
फार थंडी होती."
ठकू उकिडवा बसला. हात पुढं केले.
"फणस हाय," म्हणाला. "दमानं जळतंय."

मी नियम सांगितला: गाभ्यात जाळ चालत नाही.
बाटलीतलं पाणी ओतायला पुढं झाले.
"थांबा. म्या इझवतो."
त्यानं ओंजळी ओंजळीनं माती घातली,
विझल्यावर वरून तळहात फिरवला,
काही जिवंत राहिलंय का बघायला.
लव्हाजी दुसरीकडे बघत होता.

स्ट्रेचर उचललं आणि सुतळी तुटली.
पोरगं आई म्हणून ओरडलं.
ठकूनं माझ्या पिशवीकडे बघितलं.
"त्यातली एक द्या."
मुद्देमाल आहे, मी म्हणाले.
मग सील फोडलं.
काय आवळलं त्यानं!
भेकराचा बाप सुटला नसता.

पहाटे चारला शिराळ्याहून ॲम्ब्युलन्स आली,
पोरगं स्ट्रेचरसकट गेलं.
दोघा धडधाकटांना दंडाची पावती फाडली.
एकानं ऑनलाइन चालेल का विचारलं.
रेंज नव्हती.

मग ठकूचा जबाब.
"फास किती?"
"तुमीच मोजलं की."
मी चार लिहिलं. टेबलावर तीन होते.
"आन चवथा इचारला कुणी तर?"
मी टोपण शोधत बसले पेनाचं.

शाईचा पॅड वाळलेला, मार्चपासून मागणी पाठवलीय.
"तरी दाबून बघ," म्हणाले.
ठकूनं अंगठा टेकवला.
ठसा उठला.
काळा, सगळ्या रेघांसकट.